जकात नाक्याच्या अलीकडे

माझं अक्षर चांगलं, म्हणून मला नोकरी लागली. साल 1986. मॅट्रिक पास, वय सतरा. भिवंडीच्या बाहेर आग्रा रोडला एक ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं, तिथं बिल्टी लिहायला पोरगा पाहिजे होता. शेठनं कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या. अक्षर बघितलं. मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकून जरा वेळ गप्प बसला. म्हणाला, "उद्यापासून ये. कार्बन नीट घालत जा. आणि पाणी पाहिजे तर पोऱ्याला सांग, माठाकडं तू जाऊ नको."

मी गेलो. घरात खायला नव्हतं, म्हणून गेलो. आज लिहिताना हात अडखळतो. पण खरं ते खरं.

मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी बिल्टी बघितली नसेल. ट्रकात माल भरला की मालाबरोबर एक कागद निघतो, ती बिल्टी. माल कोणी पाठवला, कुणाला पाठवला, कुठून निघाला, कुठं जाणार, नग किती, वजन किती, भाडं आधी दिलंय की पोचल्यावर द्यायचंय, सगळं त्यात. एक प्रत पाठवणाऱ्याला, एक घेणाऱ्यासाठी, एक ड्रायव्हरजवळ, एक ऑफिसात. खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं : माल मालकाच्या जोखमीवर. माल पोचला की घेणारा तपासतो. एखादी गाठ भिजली, एखादं खोकं फुटलं, तर सहीच्या वर तसा शेरा मारतो. त्या शेऱ्यावर पुढं भरपाई मागता येते. आणि बिल्टीशिवाय माल रस्त्यात सापडला तर पहिला सवाल येतो, हा कुणाचा?

2018 साली ई-वे बिल आलं, सगळं कॉम्प्युटरवर गेलं, तोवर मी बिल्ट्या लिहिल्या. बत्तीस वर्षं. इंदूर, नागपूर, सुरत, कोलकाता, गुवाहाटी. जी गावं कधी बघितली नाहीत त्यांचे पत्ते मला पाठ होते. माझा स्वतःचा पत्ता मात्र मला कुठं लिहिता येत नव्हता. त्याची ही गोष्ट.

मी राहतो ती जागा शहर नाही. खेडंही नाही. नकाशा काढा. कसारा घाट उतरून नाशिककडचा रस्ता खाली येतो. अहमदाबादच्या हायवेवरनं चिंचोटी-अंजूर फाट्याचा रस्ता इकडंच येऊन मिळतो. कल्याण-शीळकडनं न्हावाशेवा बंदराचे कंटेनर येतात. हे सगळे जिथं एकमेकांत घुसतात तो भिवंडी तालुक्याचा पट्टा. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली. एकेकाळची भातशेतीची गावं. आज नजर जाईल तिथवर पत्र्याची छपरं. कपडे, औषधं, साबण, टीव्ही, बिस्किटं, टायर. मुंबईत जे जे विकलं जातं त्यातलं पुष्कळ आधी आमच्या इथं येऊन झोपतं. आमच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आजही तिथं खोली भाड्याची आहे.

माल इथंच का थांबला? चांगली जमीन म्हणून नाही. जकातीमुळं. मुंबईत माल शिरला की महापालिका जकात घ्यायची. मुलुंड, ऐरोली, दहिसर, मानखुर्द, सगळीकडं नाके. ठाण्याचंही तसंच होतं. व्यापारी कशाला एकदम जकात भरून माल आत घेईल? त्यानं काय केलं, खाडीच्या अलीकडं, महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या जमिनीवर गोदाम घेतलं. जमीन स्वस्त. कर कमी. बांधकामाला विचारणारं कुणी नाही. गिऱ्हाईक आलं की पाहिजे तेवढाच माल नाक्यातून आत न्यायचा. बाकीचा बाहेर पडून. शहराला माल पाहिजे, पण मालाची वस्ती शहरात नको. मालाची नको, तशी माल उचलणाऱ्याचीही नको.

ही रीत आपल्याला नवी आहे का? गावाला महार पाहिजे होता, पण गावकुसाच्या बाहेर. जकात नाका हे मुंबईचं गावकूस होतं. आम्ही त्याच्या बाहेर राहिलो. ही उपमा म्हणून मी म्हणत नाही. पाणी, गटार, रस्ता, दवाखाना, शाळा, सगळ्याचा हिशोब त्या रेघेवर होता. रेघेच्या आत महापालिका. बाहेर ग्रामपंचायत, तीन-चार हजार वस्तीच्या गावाला पुरेल एवढी. आणि त्या गावात दहा गावांचे मजूर.

माझा आजा सांगायचा, त्याच्या बापानं सायबाचं सामान वाहिलं. तालुक्याचा अंमलदार गावात आला की त्याची पेटी, बिछाना, भांडी महारानं डोक्यावर घ्यायची आणि गावच्या शिवेपर्यंत न्यायची. शिवेवर पुढच्या गावचा महार उभा. त्याच्या डोक्यावर द्यायची. त्यानं पुढच्या शिवेपर्यंत. मजुरी नाही, वेठ. मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी 1928 साली कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं. आमचा मुलूख निजामाचा, ते बिल आमच्यासाठी नव्हतं. पण ओझं तेच होतं. बिल्ट्या लिहिता लिहिता मला कधी कधी हसू यायचं. ह्या देशातलं पहिलं ट्रान्सपोर्ट आमचंच. एका शिवेपासून दुसऱ्या शिवेपर्यंत. फक्त बिल्टी नव्हती.

आमचं गाव मराठवाड्यात. 1972 च्या दुष्काळात बाप खडी फोडायच्या कामावर होता. सुकडी खाऊन आम्ही जगलो. पाऊस पडला तरी घरात दाणा आला नाही. रान दुसऱ्याचं, पाऊस पडून आमचं काय? बाप कापसाच्या गाठींवर बसून ट्रकानं मुंबईला आला. मस्जिद बंदरला हमालाची कामं होती. माथाडी कायदा 1969 सालीच झालेला होता. बोर्ड होतं, टोळ्या होत्या. पण टोळीत शिरायला टोळीतला माणूस लागतो, गावचा, भावकीचा. बापाचं कोण होतं तिथं? चार महिने बदलीवर काढले आणि तो भिवंडीला सरकला. इथं यंत्रमागाचं सूत यायचं, कापडाचे तागे जायचे. पाठ पाहिजे होती. पाठीची जात त्यांनी विचारली नाही.

आम्ही मात्र गावातच होतो. आई, मी, धाकटी बहीण. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात ठराव झाला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा. मग मराठवाड्यात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही वाचलंय. आम्ही बघितलं. मी चौथीत होतो. रात्री आईनं उठवलं. तोंडावर पदर दाबला, खोकला येऊ नये म्हणून. ज्वारीच्या रानात आम्ही बसून राहिलो आणि आमच्या वस्तीकडचं आभाळ लाल झालेलं बघितलं. सकाळी घराच्या जागी काळ्या भिंती. माझं दप्तर गेलं. पाटी तेवढी राहिली, दगडी होती म्हणून. आईनं ती पाटी फडक्यात बांधली, आम्ही पायी तालुक्याला आलो, तिथनं बापाकडं. पुन्हा त्या गावात राहायला कुणी गेलं नाही.

बाप ट्रान्सपोर्टच्या मागं पत्र्याच्या खोलीत राहत होता. आम्ही तिघं आल्यावर त्यानं शेजारी अजून एक पत्रा लावला. तेच आमचं घर. रात्री ट्रक रिव्हर्स घेताना क्लीनर ओरडायचा, "आने दो, आने दो, आने दो!" माझी बहीण झोपेत म्हणायची, कोण येतंय? आई म्हणायची, "कुनी न्हाई बाई, गाडी हाय. मानसं न्हाईत." त्या वाक्याला आम्ही झोपायचो.

पुढं गोदामं वाढली. 1989 ला न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं, कंटेनर येऊ लागले. शेतात मुरुमाचा भराव पडला. भात गेलं. भरावानं ओढे बुजले, मग पावसाचं पाणी जायचं कुठं? आमच्या खोल्यांत. गोदामाचा ओटा ट्रकाच्या उंचीला बांधतात, चार फूट. माल कोरडा. आम्ही जमिनीला. दर पावसाळ्यात पोरांना घेऊन त्याच ओट्यावर जाऊन बसायचं, वॉचमन हाकलेपर्यंत. एकदा वॉचमननं हाकललं नाही. तोही आपलाच होता, वाशिमकडचा. त्याची नोकरी गेली.

जमीनमालकांना मी सरसकट शिव्या देणार नाही. ते आगरी लोक. पिढ्यान् पिढ्या चिखलात राबलेले. काहींनी जमीन विकून पैसा उडवला, आज त्यांचीच पोरं गोदामाच्या गेटवर काठी घेऊन उभी आहेत. काहींनी गोदामं बांधली, मागं खोल्या काढल्या, भाड्यावर बसले. आमचा खोलीमालक त्यातला. बोलायला चांगला. पण भाडेपावती कधी दिली नाही. सत्तावीस वर्षं भाडं घेतलं, सगळं तोंडी. लाइटचा मीटर त्याच्या नावावर. पाण्याचा टँकर त्याच्या पुतण्याचा.

ह्याचं काय ओझं असतं ते मला 2017 साली कळलं.

त्या साली माझी पोरगी बारावी झाली. सायन्स, शहात्तर टक्के. आमच्या पत्र्याच्या खोलीत, ट्रकच्या आवाजात. तिला नर्सिंगची डिग्री करायची होती. जातीचा दाखला पाहिजे, पडताळणी पाहिजे, अधिवास पाहिजे. अनुसूचित जातीच्या दाखल्याला 10 ऑगस्ट 1950 च्या आधी तुमचं घराणं कुठं राहत होतं त्याचा पुरावा लागतो. अधिवासाला आज कुठं राहता त्याचा. म्हणजे एक पुरावा जळालेल्या गावाचा आणि एक बेपत्त्याच्या गावाचा.

आधी इथल्या ग्रामपंचायतीत गेलो. क्लार्क म्हणाला, "घर नंबर सांगा." मी खोली सांगितली. त्यानं आकारणीचा रजिस्टर काढला, नमुना आठ. बोट फिरवत फिरवत थांबला.

"तिथं घर नाही."

"घर नाही म्हणजे? सत्तावीस वर्षं राहतोय मी."

"इथं गोदाम लिहिलंय. गोदामाची पट्टी भरलेली आहे. गोदामात राहत असल्याचा दाखला कसा देणार?"

मी रजिस्टर आपल्याकडं फिरवून बघितलं. खरंच, आमची बारा खोल्यांची लाइन तिथं एका शब्दात होती. गोदाम. बारा कुटुंबं, एकोणसाठ माणसं, नग एकोणसाठ.

खोलीमालकाकडं गेलो. म्हणालो, काका, नुसता एक कागद द्या, भाड्यानं राहतो म्हणून. तो चांगल्या माणसासारखा हसला. "कागद दिला तर उद्या खोली तुमचीच म्हनशील. कागदाचं सोड, पोरीच्या फीला दोन हजार देतो." मी दोन हजार घेतले नाहीत. घरी येऊन बायकोच्या शिव्या खाल्ल्या.

मग गावी गेलो. एकोणचाळीस वर्षांनी. आमच्या वस्तीच्या जागी आता नवे लोक, समाजमंदिर, निळा झेंडा, बाबासाहेबांचा पुतळा. बरं वाटलं. मला ओळखणारं एकच म्हातारं निघालं, तेही आवाजावरनं. "तू बिल्टीवाल्या हमालाचा पोरगा," म्हणालं. बिल्टी मी लिहायचो, बाप हमाल. गावानं दोन्ही एक केलं होतं.

शाळेत गेलो. हेडमास्तर तरुण होते, सभ्य होते. जुनं जनरल रजिस्टर काढलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. माझ्या बापाचं नाव सापडलं, दुसरीपर्यंत शिकलेला, निजामाच्या काळातली नोंद. जातीचा रकाना भरलेला. आमचं काम झालं. 1950 च्या आधीचा पुरावा हातात होता. मी म्हणालो, सर, माझंही नाव बघा. त्यांनी पुढची पानं चाळली. माझं नाव, जन्मतारीख, जात, इयत्ता चौथी. शेवटचा रकाना, शाळा सोडल्याचं कारण. त्यात कुणीतरी लाल शाईनं लिहिलं होतं :

सतत गैरहजर.

मी वर बघितलं, खाली बघितलं. माझ्या पानावर आणि पुढच्या पानावर आमच्या वस्तीची अकरा पोरं. अकराही सतत गैरहजर. एकाच महिन्यात. अक्षर चांगलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं.

हेडमास्तर काय समजायचं ते समजले. "पाणी घ्या," म्हणाले, आणि स्वतः उठून माठातलं पाणी आणलं. मी प्यालो. मग ऑफिसाच्या पायरीवर बसून रडलो. अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा, रडलो.

बत्तीस वर्षं मी लिहीत आलो, गाठ भिजलेली, खोकं फुटलेलं, दोन नग कमी. साबणाची वडी चेपली तरी कागदावर शेरा येतो आणि कुणीतरी त्याची भरपाई मागतं. आमची वस्ती जळाली. सरकारी कागदावर शेरा आला तो आमच्याच नावानं. आम्ही गैरहजर. जाळणारे हजर होते की नाही त्याचा रकानाच नव्हता.

कागद घेऊन परत आलो तोवर जुलै निघून चालला होता. जातीचा दाखला पुढं मिळाला. अधिवासाचं अडलं ते अडलंच. नर्सिंगच्या प्रवेशाची तारीख गेली. त्याच महिन्यात, 1 जुलै 2017 ला, जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली. नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा गेल्या. मालाला आता कुणी अडवत नव्हतं. आम्हाला वाटलं, जकात गेली, आता गोदामं जातील. झालं उलटं. राज्याराज्याला लहान गोदाम ठेवायची गरज संपली, मोठी गोदामं पाहिजे झाली, आणि ती आमच्याकडंच आली. ऑनलाइनचा धंदा वाढला तसा तर पूर आला. मुंबईचं गावकूस मालापुरतं पाडलं. माणसापुरतं ते तिथंच आहे.

पोरगी वर्षभर घरी कशी बसणार? ती गोदामात लागली. ठेकेदाराकडनं. हातात स्कॅनर, पायात बूट, गळ्यात कार्ड. सकाळी निघताना मोबाईल गेटवर जमा. खोकं उचल, स्कॅन कर, टाक. तासाला किती झालं ते यंत्र मोजतं. लघवीला गेली तर तेही मोजतं. पहिल्या दिवशी आली आणि म्हणाली, "पप्पा, तिथं जात विचारत नाहीत." मला बरं वाटलं. आठवड्यानं म्हणाली, "पप्पा, तिथं नावच विचारत नाहीत. नंबर आहे." मग महिन्यानं म्हणाली, "सुपरवायझर नाव विचारतो. आडनाव कळलं की लाइन बदलतो. साफसफाईच्या लाइनला आमच्याच पोरी कशा काय?"

तेव्हा मी तिला मनमाड सांगितलं. 1938 च्या फेब्रुवारीत जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली. रेल्वे म्हणजे त्या काळचं सगळ्यात मोठं ट्रान्सपोर्ट. तिथं बाबासाहेब म्हणाले, कामगारांचे दुश्मन दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि नुसतं घोषणेपुरतं म्हणाले नाहीत, हिशोब मांडला. आपला माणूस रेल्वेत गँगमनच का राहतो, त्याला साधा पोर्टर का करत नाहीत? तर पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचं काम करावं लागतं, आणि घरात आपला हात चालत नाही. रुळ आपल्या हातचे चालतात. मी पोरीला म्हणालो, तुझ्या लाइनचं तेच आहे. ऐंशी वर्षांत यंत्र बदललं.

दुसऱ्या साली तिनं कल्याणच्या कॉलेजात नाव घातलं. नर्सिंग नाही, साधं बी.ए. तिचं एक वर्ष आणि एक डिग्री त्या रजिस्टरातल्या एका शब्दानं खाल्ली. मी हे कधी माफ करणार नाही. पण तिनं वेगळंच काढलं. तिनं माझ्याकडनं नमुना आठचं सगळं समजून घेतलं आणि विचारलं, "पप्पा, आपल्या लाइनमध्ये मतदार किती?" मोजले. एकोणसाठातले बेचाळीस सज्ञान. मतदार यादीत इथं तीन. बाकीच्यांची नावं परभणी, वाशिम, जळगाव, गोरखपूर. काहींची कुठंच नाहीत.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये ह्याचा अर्थ सगळ्यांना कळला. रेशन कुणाला? ज्याचं इथं कार्ड आहे त्याला. यूपीवाले नाशिकच्या हायवेनं चालत निघाले. मे च्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरकडं श्रमिकांची गाडी सुटली, तिला आमच्या लाइनमधली दोन घरं गेली. त्याच स्टेशनाचं पुढं मध्य रेल्वेनं पार्सल वाहतुकीचं केंद्र केलं. माणसं गेली त्या फलाटावरनं माल जायला लागला. आम्ही राहिलो. गोदामं चालूच होती. माल अत्यावश्यक होता.

29 एप्रिल 2023 ला वळ गावात एक इमारत कोसळली. खाली गोदाम, वर भाड्याच्या खोल्या. आठ माणसं मेली. ती बातमी ऐकून आमच्या लाइनीत कुणी जेवलं नाही. आमच्याही रजिस्टरात गोदामच लिहिलेलं होतं. पत्र्याच्या खोल्यांवर मालकानं तोवर स्लॅब टाकला होता, वर दुसऱ्या खोल्या. आमची पडली तर ढिगाऱ्याखाली माणसं आहेत हे कोणत्या कागदावरनं कळणार?

त्या महिन्यात पोरीनं आणि तिच्या चार मैत्रिणींनी मतदार नोंदणीचे अर्ज आणले. नमुना सहा. रात्रपाळीहून येणारा सकाळी आठला सापडतो, दिवसपाळीवाला रात्री दहाला. दोन्ही वेळा त्या पोरी दारात. मी अर्ज भरून दिले. अक्षर उपयोगी पडलं. पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं हा घोळ झाला. मी लिहिलं, "अमुक गोदामाच्या मागे, खोली नंबर 1 ते 12." घर नंबर नसला म्हणून माणसाचा राहण्याचा हक्क बुडत नाही, चौकशीला माणूस येतो, बघून जातो. आला. बघून गेला. बेचाळीसातले एकतीस यादीत आले. मालकानं दोन घरांना खोल्या खाली करायला सांगितल्या. ती दोन्ही कुटुंबं गेली. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. लढाईला किंमत पडली आणि ती आमच्यापेक्षा कमकुवत होते त्यांनी मोजली.

गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सभासद असतो. हे कायद्यात आहे. भाडेकरू असो, जयभीमवाला असो. पुढच्या 26 जानेवारीला आम्ही सत्तावीस जण ग्रामसभेला गेलो. पोचल्यावर आधी खुर्च्या कमी पडल्या. मग सतरंजीवर बसा म्हणाले. पोरगी म्हणाली, "आम्ही उभे राहतो." उभे राहिलो. तिनं दोनच मागण्या वाचल्या. एक, गोदामाच्या मागच्या खोल्यांची आकारणीत घर म्हणून वेगळी नोंद करा. दोन, शाळेच्या रस्त्याला सकाळी सात ते आठ ट्रेलर बंद करा. खूप आरडाओरडा झाला. "हे बाहेरचे लोक," कुणीतरी म्हणालं. मी पस्तीस वर्षांच्या वर इथं राहिलेला माणूस. माझ्यामागं अठरा वर्षांची पोरगी उभी होती, ती इथंच जन्मलेली. पहिली मागणी इतिवृत्तात लिहून घेतली, अजून पुरी झालेली नाही. दुसरी झाली. सातला आता बांबू आडवा पडतो. एक तास. त्या एका तासात पोरं शाळेत जातात आणि ट्रकचे ड्रायव्हर चहा पितात.

एवढंच झालंय. जास्त काही झालेलं नाही.

मित्रांनो, आता तुमच्याशी बोलायचंय. 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला आमच्या गोदामांतली पोरं बिनपगारी सुट्टी टाकून चैत्यभूमीवर येतात. तुमची भाषणं ऐकतात, पुस्तकं घेतात, निळा गमछा घेऊन परत पाळीवर जातात. तुम्ही मात्र इकडं येत नाही. तुमचे मोर्चे शहरात निघतात, कारण कलेक्टर शहरात, पेपरवाला शहरात. पण बापाच्या वेळी गावकुसाबाहेर जो होता तो आज हायवेच्या कडेला पत्र्याखाली आहे. हजारांनी आहे. त्याला युनियन नाही. माथाडी कायदा आहे, पण गोदामातल्या ठेक्याच्या पोराला तो ऐकूनही माहीत नाही. बोर्डात नोंद झाली तर मजुरीवर लेव्ही बसते, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, रजा, दवाखाना मिळतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. माझा बाप बदलीवर जगला आणि बदलीवरच मेला. त्याची नोंद कुठंच झाली नाही. आता त्याच ओट्यावर त्याच्यासारखीच पोरं स्कॅनर घेऊन उभी आहेत.

म्हणून या. रविवारी या, सकाळी आठला, रात्रपाळी सुटते तेव्हा. भाषण आणू नका. नमुना सहाचे कोरे अर्ज आणा, माथाडी बोर्डाचे नोंदणीचे कागद आणा, आणि दोन चांगलं अक्षर असणारी पोरं आणा, माझे डोळे आता साथ देत नाहीत. माणकोली नाक्याला उतरा. रिक्षावाल्याला गोदाम विचारू नका, गोदामं पन्नास दाखवील. सातला बांबू पडतो ती शाळा कुठली ते विचारा. तिच्यासमोरून मागं वळलं की आमची लाइन. पहिल्या खोलीच्या दारावर मी पाटी लावलीय, जुनी दगडी, गावाहून आणलेली. तिच्यावर चुन्यानं बारा घरांची नावं लिहिलीयत.

पाणी आमच्याच माठातलं प्यायचं. जय भीम.